शारदेचं सोंग

होळी होऊन गेली की सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा या डोंगरपट्ट्यात बोहाड्याचे दिवस येतात. काही गावं त्याला भोवाडा म्हणतात. रात्रीची जेवणं आटोपतात, संबळ घुमायला लागतो, पिपाणी सूर धरते आणि टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती. मग शारदा, जुनी माणसं तिला सारजा म्हणतात. त्यानंतर रात्रभर राम, रावण, मारुती, नरसिंह, खंडेराव, वेताळ अशी रीघ लागते, आणि सगळ्यांत शेवटी, उत्सवाच्या अखेरच्या दिवशी, जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे तोंडावर बांधलेले असल्यामुळे बहुतेक सोंगांना बोलायचं नसतं. जे काही सांगायचं ते पायांनी आणि खांद्यांनी. स्त्रियांची सोंगंही पुरुषच घेतात.

मी सुरगाणा तालुक्यात मराठी शिकवायला गेलो त्या वर्षी पहिल्यांदा बोहाडा पाहिला. शारदा झालेला माणूस चाळिशीचा असावा. मुखवटा जड होता, पण मान अशी तोलून धरलेली, की वाटावं, बाई नुकतीच आरशासमोरून उठून आली आहे. सकाळी तो चहाच्या टपरीवर भेटला. शाळा कुठवर झाली, असं मी मास्तरी सवयीने विचारलं. तो हसला. उत्तर त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राने दिलं: "आमची शारदा चौथी नापास हाये, सर."

टपरीवर सगळे हसले, शारदाही हसली. मी पण हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. या पुस्तकातले लेख तिथून सुरू झाले असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

मराठीत 'सोंग' हा शब्द फारसा इज्जतीचा नाही. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग, साधुत्वाचं सोंग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा बाकीची सगळी सोंगं खोटीच, हे गृहीत धरलेलं असतं. डोंगरात मात्र सोंग 'घेतात', जसा वसा घेतात तसं. कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याकडे, असा पिढीजात मान असतो. मुखवट्याची पूजा होते आणि मगच तो चेहऱ्यावर चढतो. नाचणाऱ्याला त्या रात्रीपुरतं कुणी त्याच्या नावाने हाक मारत नाही. म्हणजे जे आपल्याकडे लबाडीचं नाव, ते तिथे जबाबदारीचं नाव आहे. नाटक-सिनेमातल्या शिक्षणाकडे बघताना मला हा दुसरा अर्थ फार उपयोगी पडला. शिकणारा माणूस आधी काही काळ शिकलेल्या माणसाचं सोंगच घेत असतो. उसनी भाषा बोलतो, उसना पोशाख घालतो, उसन्या आत्मविश्वासाने खुर्चीत बसतो. त्यातलं काय त्याच्या अंगी लागतं, काय गळून पडतं, आणि मुखवटा उतरल्यावर तो कुठल्या घरी परततो, हा माझा विषय. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

मराठी नाटकात ही गोष्ट सुरू होते ती फार लवकर, आणि फार उशिरा. लवकर अशासाठी, की जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं १८५५ साली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं त्याला तेव्हा अवघी बारा वर्षं झाली होती, आणि विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' यायला अजून सहा वर्षं होती. रंगभूमीवर देव, दानव आणि राजे नाचत होते त्या काळात फुल्यांनी एक कुणबी, त्याची गरोदर बायको आणि ग्रहदशेची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी एवढ्यांना समोर आणलं. अधूनमधून विदूषक येऊन झोंबणारं बोलतो. एक पाद्री येतो, वाद घालतो. आणि शेवटी ते नवराबायको ठरवतात, की फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं.

या शेवटाकडे जरा थांबून बघावं. जोशाला शिक्षा झाली का? नाही. गेलेले पैसे परत मिळाले का? तेही नाही. लेखकाने आपल्या पात्रांना नाटकातून उठवून थेट आपल्याच शाळेत नेऊन बसवलं. आजच्या समीक्षकाला हे प्रचारकी वाटेल, आणि आहेच ते. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, जी पुढच्या सव्वाशे वर्षांत मराठी नाटकाला क्वचितच जमली: इथे शिकायला दोघं जातात. नवरा बायकोला शिकवत नाही, बायको नवऱ्याच्या परवानगीने शिकत नाही. दोघं सारखीच अडाणी, दोघं सारखीच फसलेली, आणि निघतातही बरोबरच. शिवाय घर सोडून नव्हे. रात्रशाळा आहे, दिवसा शेतात काम आणि रात्री परत त्याच घरी झोपायला.

आणि उशिरा अशासाठी, की हे नाटक फुल्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं, तिथे ते नाकारलं गेलं, आणि छापलं गेलं थेट १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' मध्ये. वाचायला शिकण्याविषयीचं नाटक वाचकापर्यंत पोचायला १२४ वर्षं लागली. त्यामुळे मराठी नाट्यपरंपरेने फुल्यांचं काय घेतलं, या प्रश्नाला अर्थच उरत नाही. जे हाती पडलंच नाही, ते घेणार कसं?

हाती पडलं ते दुसरंच. स्त्रीशिक्षणाची टर उडवणारी नाटकं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांगली चालत. ना. बा. कानिटकरांचं 'तरुणीशिक्षण नाटिका' त्यांतलं सर्वांत गाजलेलं. शिकलेली बाई म्हणजे पायातले बूट आणि तोंडात इंग्रजी, हे चित्र तेव्हा जे बसलं ते चित्रपटांतून थेट आपल्या लहानपणापर्यंत आलं. १८९९ साली देवलांची 'संगीत शारदा' आली. म्हाताऱ्या भुजंगनाथाला विकली जाणारी पोर, पैशासाठी तिला विकणारा कांचनभट. प्रेक्षक रडले, बदललेही असतील. पुढे १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले ते हरबिलास सारडांच्या आडनावावरून, पण मराठी माणसाला ते देवलांच्याच शारदेवरून वाटत आलं, आणि ही चूक मला दुरुस्त करावीशी वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. देवलांनी नायिकेला नाव दिलं विद्येच्या देवतेचं, आणि अख्ख्या नाटकात तिची सुटका म्हणजे म्हाताऱ्याऐवजी तरुण नवरा. सुटका करणारे सगळे दुसरे. ती स्वतः काही शिकते का, शिकावंसं तिला वाटतं का, हे विचारायची सवड नाटकाला नाही. आणि ही शारदाही दीर्घकाळ पुरुषांनीच केली. बालगंधर्वांनीसुद्धा.

इथे त्र्यंबकेश्वरची आठवण होते. सुरगाण्याच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्याच रांगांमध्ये, ३० एप्रिल १८७० रोजी तिथे दादासाहेब फाळक्यांचा जन्म झाला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये राम साळुंकेच आणि सीताही साळुंकेच. बोहाडा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल घडलं ते मधेच, नाशकात. त्याच १९१३ साली फाळक्यांनी कंपनी नाशकाला हलवली आणि 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची किशोरवयीन मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर बाईचं सोंग पहिल्यांदा बाईने घेतलं. त्यासाठी दुर्गाबाईंना कुठलं घर आणि कसली अब्रू मागे सोडावी लागली असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात व्हिएन्नामध्ये, जर्मन भाषांतरातून, बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' रंगमंचावर आलं. फुलं विकणाऱ्या एलायझा नावाच्या मुलीला पैजेवर उच्चार शिकवून सरदारीण बनवणाऱ्या प्राध्यापकाची गोष्ट. मराठीत ती पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' म्हणून आणली. भक्ती बर्व्यांची मंजुळा आणि सतीश दुभाषींचा प्राध्यापक अशोक जहागीरदार ज्यांनी पाहिले, ते अजून त्याच नाटकात राहतात असं त्यांच्याशी बोलताना वाटतं. या पुस्तकातला सगळ्यात मोठा लेख या नाटकावर आहे, त्यामुळे इथे एकच गोष्ट सांगतो. 'पिग्मॅलियन' लंडनला १९१४ साली आलं तेव्हा प्राध्यापकाचं काम करणारा बीअरबोम ट्री शेवटच्या क्षणी खिडकीतून एलायझाकडे फुलं फेकत असे. म्हणजे काळजी नको, हे लग्न करणार. शॉ भडकला. एवढा, की १९१६ मध्ये त्याने नाटकाला एक लांबलचक पुरवणी जोडली आणि एलायझा दुसऱ्याच मुलाशी लग्न करून फुलांचं दुकान थाटते असं बजावून सांगितलं. लोकांनी ऐकलं नाही. १९३८ च्या सिनेमात ती परत येते. 'माय फेअर लेडी' मध्येही परत येते, आणि प्राध्यापक तिला आपल्या सपाता कुठे आहेत ते विचारतो.

भांडण नुसतं शेवटाचं नव्हतं. शिकलेल्या मुलीने जायचं कुठं, हा पेच होता. मंडईत परत जाता येत नाही, तिथली भाषा आता तोंडातून येत नाही. प्राध्यापकाच्या घरी राहायचं तर कोण म्हणून? मधल्या जागेत उभी असलेली ही मुलगी प्रेक्षकाला सहन होत नाही, म्हणून तो तिला लगबगीने कुणाच्या तरी घरात ढकलतो. १९८० साली विली रसेलने इंग्लंडात 'एज्युकेटिंग रीटा' लिहिलं. त्यातली लिव्हरपूलच्या केशकर्तनालयात काम करणारी रीटा मुक्त विद्यापीठात साहित्य शिकते, आणि तिच्या लक्षात येतं, की माहेरच्या पबमध्ये सगळे मिळून गाणं म्हणतात तेव्हा आपल्याला त्यात सूर मिळवता येत नाही, आणि प्राध्यापकाच्या मेजवानीला दारातूनच परत फिरावंसं वाटतं. हा प्रसंग सुरगाण्याच्या कुठल्याही पदवीधराला सांगून बघा. लिव्हरपूल कुठे आहे हे तो विचारणार नाही.

कारण इथल्या मुलाची गोष्ट तीच आहे, फक्त सहाव्या वर्षी सुरू होते. १९४८ पर्यंत सुरगाणा हे छोटंसं संस्थान होतं. डोंगर, नार-पारसारख्या नद्यांचे उगम, पावसाळ्यात धो धो पाणी आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी आणि नंतर सरकारने आश्रमशाळा उघडल्या, म्हणून हजारो मुलं शिकली, हे आधी मोकळेपणाने कबूल करायला हवं. दिवाळीनंतर आईबाप दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेले तरी पोराच्या पोटात दोन वेळचं जातं, तेही तिथेच. पण आश्रमशाळा म्हणजे दिवसाची शाळा नव्हे. फुल्यांचा कुणबी रात्री घरी परतायचा. हे मूल दिवाळीला आणि मे महिन्यात परततं. मधल्या काळात त्याची कोकणी मागे पडते. ही गोव्याची कोंकणी नव्हे. कोकणा लोकांची बोली, मराठीच्या जवळची, गुजरातीचा शेजार असलेली. पुस्तकातल्या मराठीत ती 'अशुद्ध' ठरते. मी स्वतः लाल शाईने ती अशुद्ध ठरवली आहे, पहिली दोन वर्षं. मंजुळेला तिची भाषा विसरायला काही महिने आणि एक पैज लागली. आम्ही ते काम दहा वर्षांत, पैजेशिवाय, पगार घेऊन करतो.

आणखी एक तपशील. बोहाडा येतो तो नेमका वार्षिक परीक्षेच्या हंगामात. गावात शारदा नाचत असते आणि तिची लेकरं वसतिगृहात दिव्याखाली निबंध पाठ करत असतात. या विनोदात कुणाचाच दोष नाही, पण म्हणून तो विनोद राहत नाही असं नाही.

आता थोडं शिक्षकांविषयी, कारण मी त्यांच्यातलाच. मराठी रंगभूमीने शिक्षकावर फार माया केली. वसंत कानेटकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. त्यांचं 'अश्रूंची झाली फुले' १९६६ सालचं. प्राचार्य विद्यानंद प्रभाकर पणशीकरांचे, पण शिट्ट्या पडायच्या काशिनाथ घाणेकरांच्या लाल्याला. मास्तरांना हे लागतं. मला ते योग्य वाटतं. आदर्श शिक्षक कोलमडतो आणि ज्याला त्याने माणसात आणलं तो उडाणटप्पू विद्यार्थी त्याला सावरायला येतो, ही उलटापालट त्या नाटकाचं बळ आहे. प्रेक्षकांना ते विद्वानांच्या आधी कळलं, एवढंच. बाकी नाटक भाबडं आहे आणि त्याविषयी मी आत कठोर लिहिलं आहे. नाशिककरांनी राग मानू नये.

जब्बार पटेलांच्या 'उंबरठा' (१९८२) मधली स्मिता पाटीलची सुलभा महाजन आधीच शिकलेली आहे. शिक्षण घेऊन झालं, आता ते वापरायला घराबाहेर पडायचं आहे, आणि घर म्हणतं, शिकलीस ना, मग पुरे. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये जब्या आणि त्याच्या घरची माणसं पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेतात ती शाळेच्या भिंतीवरून. भिंतीवर सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रं. शाळा तिथेच आहे, चित्रं तिथेच आहेत, डुक्करही तिथेच आहे. यावर वेगळं भाष्य लिहायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा खोडला. जिने ही वाट मुळात पाडली त्या बाईला रंगमंचावर स्वतःच्या तोंडाने बोलायला १९८९ साल उजाडलं, सुषमा देशपांडे यांच्या 'व्हय, मी सावित्रीबाई' या एकपात्री प्रयोगात. त्या प्रयोगात सावित्रीबाई व्यासपीठावरून बोलत नाहीत, शेजारणीशी बोलावं तशा बोलतात. हा फरक लहान नाही.

नाटक म्हणजे फक्त नाट्यगृहातलं, असं मानायचं असेल तर पुढचा परिच्छेद गाळावा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी वनहक्काच्या मागण्या घेऊन मुंबईला चालत निघाले, सुमारे १८० किलोमीटर. नेत्यांमध्ये सुरगाण्याचे जिवा पांडू गावित होते आणि चालणाऱ्यांत सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येने होती. ११ तारखेला मोर्चा शीव इथल्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी निघालो तर रस्ते तुंबतील, पोरांचा पेपर चुकेल, म्हणून पाय फुटलेली ती माणसं मध्यरात्रीनंतर उठली आणि अंधारातच आझाद मैदानाकडे चालू लागली. ज्यांच्यासाठी ती उठली ती मुलं मुंबईची होती. त्यांच्यातल्या किती जणांना सकाळी कळलं असेल, की आपल्या झोपेत रस्त्यावरून कोण गेलं? दूरचित्रवाणीवर फोडांनी भरलेले पाय दिसले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अंधारातली रांग होती, संबळाशिवायची.

प्रस्तावना लांबली. एक प्रसंग सांगायचा राहिला आहे, तो सांगून बाजूला होतो.

एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी आम्ही 'फुलराणी'च्या कल्पनेवर दहा मिनिटांचं एक नाटुकलं बसवायचं ठरवलं. मास्तर एका पोरीला शुद्ध बोलायला शिकवतो, एवढंच. मास्तर व्हायला अकरा मुलं पुढे आली. नक्कल सगळ्यांचीच उत्तम होती, आणि त्यांतल्या निदान चार जणांनी माझी केली. फुलवाली व्हायला कुणी तयार होईना. मुली तर नाहीच. मला वाटलं, लाजतात. मग एकीने सांगितलं, "सर, तिला हसतात ना सगळे." मी म्हटलं, नाटक आहे, हसायचंच असतं. ती म्हणाली, "ती बोलते तसं माझी आई बोलते."

दोन दिवस तालीम बंद. तिसऱ्या दिवशी नववीतला एक मुलगा आला. त्याच्या घरी शारदेचं सोंग आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणाला, मी होतो फुलवाली, पण बोलणार आमच्या बोलीत, लिहून दिलेलं नाही. मी हो म्हटलं, दुसरा इलाजही नव्हता.

संमेलनाला त्या दिवशी आईबाप आले होते, शाळेच्या पटांगणात मागे उकिडवे बसलेले. फुलवाली आली. मान तोलून, खांद्यातून चालत. टोपलीतली फुलं काढून तिने कोकणीत जे काही सुरू केलं, त्यातलं मला निम्मं कळलं. मागच्या ओळी हसायला लागल्या, आणि ते हसू तिच्यावर नव्हतं. ती ज्याच्यावर तोंडसुख घेत होती त्याच्यावर होतं. मास्तर झालेल्या पोराचं पुढचं वाक्य होतं, 'काय बोलतेस ते मला समजत नाही.' आम्ही ते त्याच्याकडून वीसदा घोटून घेतलं होतं. त्याने चष्मा सावरला, छडी काखेत धरली, तोंड उघडलं, आणि पाठांतर साफ विसरून फुलाच्या किमतीवरून तिच्याशी कोकणीतच घासाघीस करायला लागला.